वळिवड्यात कोण कोण राहिलं

माझ्या भावाला कोल्हापूरचा अभिमान आधीपासून होता, पण पोलंडला गेल्यापासून तो फारच वाढला. दादा व्रोत्सवाफ शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. आमची आत्या कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाली आणि अभिमान म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडते. या दोघांचं वळिवड्यावरून जुनं भांडण आहे. घरातल्या लग्नाचा बस्ता काढायला आम्ही गांधीनगरला गेलो तेव्हा ते तिथल्या गादीवरच पुन्हा पेटलं. पेटणारच. कापडाच्या घाऊक बाजारासाठी कोकण-कर्नाटकापर्यंत नावाजलेलं हे गांधीनगर वळिवड्याच्या जुन्या पोलिश कॅम्पातच वसलं आहे. त्या भांडणातलं छापण्याजोगं तेवढं इथं देते.

दादा : वॉर्सात स्मारक आहे, आत्या. कोल्हापूर संस्थानाच्या नावाचं. २०१७ साली बसवलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिथं फुलं वाहून आले. जामनगरच्या जामसाहेबांच्या नावानं तर तिथं ‘भल्या महाराजांचा चौक’ आहे. मी ऑफिसातल्या लोकांना सांगतो, मी त्या कोल्हापूरचा. लोक हात हातात घेतात. माणूस इथून तिथून एकच आहे याला आणखी काय पुरावा पाहिजे?

आत्या : पुरावा म्हणतोस तर उलटतपासणी होणार. आधी काय घडलं ते नीट सांग. हिला अर्धंच माहीत असेल.

(‘ही’ म्हणजे मी. मला अर्धंच माहीत होतं.)

सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तारखेला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि सतरा तारखेला स्टालिन पूर्वेकडून. पूर्व पोलंडमधल्या शेतकऱ्यांची, वनरक्षकांची, शिक्षकांची, पोलिसांची कुटुंबंच्या कुटुंबं फेब्रुवारी १९४० पासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया, अर्खांगेल्स्क, कझाकस्तानकडे पाठवली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश माणसांची गरज लागली. जुलैत करार झाला, श्रमछावण्यांची दारं उघडली, जनरल अँडर्स यांनी फौज उभारली. १९४२ मध्ये ही फौज आणि तिच्या बरोबरीनं बायकामुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. एक लाखाहून जास्त माणसं. अंगावर उवा, अंगात टायफस, आणि वाटेत पुरलेल्यांची गणती नाही. तिथून ही बायकामुलं जगभर पांगली. टांगानिका, युगांडा, मेक्सिको, न्यूझीलंड. भारतात मुलांचा एक कॅम्प जामनगरजवळ बालाचडीला झाला आणि देशातली सर्वांत मोठी पोलिश वस्ती झाली ती कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. पुरुष फार थोडे.

दादा : आणि त्यांना जागा कुणी दिली? ज्या पृथ्वीवर त्यांना फार थोडे दारात उभं करत होते, तिथं कोल्हापूरनं दिली. ना रक्ताचं नातं, ना धर्माचं.

आत्या : कोल्हापूरनं म्हणजे कुणी? नाव सांग.

दादा : महाराजांनी.

आत्या : कुठल्या? राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात गेले. त्यांच्यामागं गादीवर जे दत्तक बसवले ते तान्हं मूल होतं. १९४३ साली दोन वर्षांचंसुद्धा नव्हतं. कारभार रीजन्सीचा, म्हणजे ताराबाई राणीसाहेबांच्या नावानं, आणि डोक्यावर इंग्रज. जामसाहेबांचं वेगळं. ते जाणते होते, नरेंद्र मंडळाचे चॅन्सेलर होते, त्यांनी पुढाकार घेतला, इतर राजांकडून पैसा उभा केला. त्यांना भला महाराज म्हण, मी टाळी वाजवते. इथं आपल्याकडं इंग्रजांनी जागा मागितली आणि दरबारानं दिली. कॅम्पाचा खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या नावावर पडायचा. आणि हे सगळं करायचं कशासाठी, तर अँडर्सच्या फौजेतला शिपाई इटलीत लढत असताना त्याच्या मनाला बायकापोरांचा घोर नको. मे १९४४ मध्ये मॉन्ते कासिनो घेतलं ते त्याच फौजेनं. युद्धाच्या हिशेबातली एक बाब होती ती, बाळा.

दादा : हिशेबात का होईना, पाच हजार जीव वाचले ना?

आत्या : वाचले. आता त्याच सालातली दुसरी बाब वाच. १९४३. बंगालमध्ये किती मेले?

दादा गप्प. आत्या वर्गात प्रश्न विचारून पोरांना असंच उभं ठेवत असणार.

आत्या : सरकारी चौकशीनं पंधरा लाख म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांनी तीस लाखांपर्यंत नेलं. जपानी येतील या भीतीनं बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या, तांदूळ हलवला होता, आणि बाहेरून धान्य आणायला जहाजं नाहीत म्हणून लंडन हात वर करत होतं. त्याच्या आदल्या वर्षी ब्रह्मदेश पडला तेव्हा तिथून लाखो भारतीय डोंगर-जंगल तुडवत चालत आले. गोऱ्यांची वाट निराळी, आपल्या माणसांची निराळी आणि जास्त खडतर. काँग्रेसनं त्याचा ठरावात निषेध केला होता. आणि आपलंच बघायचं तर डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर चाल करून गेलेली सात पोरं गोळ्यांना बळी पडली. ज्या संस्थानात बराकी उभ्या राहिल्या, त्याच संस्थानात. तू म्हणतोस माणूस एकच. मग बराक कुणाला, गोळी कुणाला, आणि कलकत्त्याच्या फूटपाथवर पेज मागत मरायचं कुणी, हे कोण ठरवत होतं?

इथं दुकानदारानं पैठणीचा गठ्ठा उलगडला आणि पाच मिनिटं सगळी मानवजात काठपदरात गुंतली. नवरीच्या आईसाठी हिरवी घ्यायची की जांभळी, यावर मात्र आत्या आणि दादाचं एकमत झालं. जांभळी.

दादा : तू सरकारांबद्दल बोलतेस. सरकारं माणसं मोजतात, तो त्यांचा धंदा. मी लोकांबद्दल बोलतोय. पाच वर्षं ते पाच हजार लोक काय हवा खाऊन जगले? रोज दूध, भाजी, अंडी, लाकडं आजूबाजूच्या गावांतूनच आली. शिंप्यांनी कपडे शिवले. बाजारात बसणाऱ्या बायकांना पोलिश आकडे येऊ लागले आणि पोलिश पोरांना मराठी. एक मुलगी तर इथल्याच तरुणाशी लग्न करून कायमची कोल्हापूरकर झाली. पुढं म्हातारी झालेली ती पोरं लंडनहून, ऑस्ट्रेलियाहून परत परत आली. महावीर उद्यानात १९९८ साली स्तंभ उभारला तो त्यांच्याच आठवणीनं. मोजमाप करणाऱ्यांनी काय उभारलं?

आत्या : बाजार झाला म्हणतोस. बाजार दोन्ही बाजूंना हवा असतो. त्याला माणुसकी कशाला म्हणायचं?

दादा : मग बाजार झाला एवढ्यावरही मी खूश आहे.

मला हे उत्तर आवडलं. आत्याला आवडलं नाही, पण ती खोडूनही काढू शकली नाही. तिनं बाजू बदलली.

आत्या : बरं, लोकांकडं येऊ. कॅम्पात ती माणसं कशी राहिली, ठाऊक आहे? सबंध गावच पोलिश होतं. शाळा पोलिश, कॅथलिक देऊळ, दवाखाना, नाटकं, स्काउटची पथकं. व्यवस्थापन त्यांचं त्यांच्या हातात. इथं मिसळून जाण्याची त्यांना यत्किंचित हौस नव्हती. पोरांना पोलिश व्याकरण, पोलिश इतिहास घोकायला लावायचे. कारण युद्ध संपलं की घरी जायचं होतं. तुझं ते ‘इथून तिथून एकच’ त्यांना ऐकवलं असतंस तर शिक्षिकांनी तुला वर्गाबाहेर काढलं असतं.

दादा : त्यात वाईट काय? मीसुद्धा तिकडं गणपती बसवतो. गुळाच्या पोळीसाठी गूळ कुठं मिळतो ते मला पाठ आहे. पोराला दर शनिवारी मराठीचं पुस्तक घेऊन बसवतो आणि तो दर शनिवारी रडतो.

आत्या : मग तेच तर म्हणते मी. तू आणि ती वळिवड्यातली पोलिश बाई यांच्यात जर काही सारखं असेल तर ते हेच, की दोघांनाही दुसऱ्यासारखं व्हायचं नाही. तुम्ही लोक सभेत सांगता की वरवरचं सोडा, आत सगळे सारखे. मला आजपर्यंत एक माणूस दाखव ज्याला वरवरचं सोडून जगता आलं. भाषा, भाकरी, देवाचं नाव, मेल्यावर पुरायचं की जाळायचं. कॅम्पात जे मेले त्यांच्या थडग्यांवर क्रूस आहेत, नावं पोलिश आहेत. ते तसंच असावं म्हणून कोल्हापूरकरांनी ती जागा राखली. त्यांना आपल्यासारखं करून नव्हे.

दादा : राखली म्हणालीस. हे तू मान्य केलंस हं.

आत्या : केलं. नोंद करून ठेव.

(ठेवली.)

इथपर्यंतचं भांडण मी आधीही ऐकलं होतं. पुढचं नवीन होतं आणि ते दुकानदारामुळं निघालं. पन्नाशीचा सिंधी गृहस्थ, कोल्हापुरी हेल काढून अस्सल मराठी बोलणारा. त्यानं दोघांचं बराच वेळ ऐकलं आणि गठ्ठा बांधता बांधता म्हणाला, “आमचे आजोबा कराचीहून बोटीनं मुंबईला आले, तिथून इथं. पोलंडवाल्यांच्या बराकीतच राहिले. ती बराक आता दाखवता येणार नाही. तिथं गोडाऊन झालंय.”

कराचीचं नाव निघाल्याबरोबर आत्यातली मास्तरीण जागी झाली. तिनं सांगितलं ते असं. इराणहून पोलिश बायकामुलं जहाजानं कराचीलाच उतरत. तिथं त्यांचा मुक्कामाचा कॅम्प होता, आणि मग रेल्वेनं पुढं. त्याला पाच वर्षं होतात न होतात तोच त्याच बंदरावर उलट्या दिशेनं रांगा लागल्या. सिंधी हिंदू घराला कुलूप लावून, किल्ली कनवटीला लावून मुंबईच्या बोटीत बसत होते. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतलं जुनं नारायण जगन्नाथ हायस्कूल आजही एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव वागवतं. पण ती पुसट झालेली नाती त्या रांगेत कुणाच्या कामी आली नाहीत. कल्याणच्या लष्करी छावणीत उल्हासनगर झालं आणि वळिवड्याच्या बराकींत गांधीनगर.

दादा : म्हणजे पोलिश लोक गेले आणि त्यांच्या खोल्यांत सिंधी आले.

आत्या : सिंध्यांच्या कराची-हैदराबादमधल्या घरांत कोण गेलं असेल?

दादा : इथून गेलेले मुसलमान.

आत्या : मुहाजिर. उत्तर प्रदेशातून, दिल्लीतून, आपल्या मुंबईतूनसुद्धा. त्यांची घरं मग इकडं कुणाला मिळाली. असं मोजत जा. आता मला सांग, तू व्रोत्सवाफला ज्या घरात राहतोस, ते कुणाचं?

दादा : भाड्याचं. मालकीण म्हातारी आहे.

आत्या : तिच्या आधी?

यावर दादानं जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला वाटतं त्यानंही ते असं ओळीनं पहिल्यांदाच बोलून दाखवलं. १९४५ पर्यंत व्रोत्सवाफ हे ब्रेस्लाउ होतं, जर्मन शहर. याल्टा आणि पॉट्सडॅमच्या बैठकांत पोलंडचा नकाशा उचलून पश्चिमेला सरकवला. पूर्वेकडचा प्रदेश सोव्हिएत संघानं ठेवला, त्याच्या बदल्यात पोलंडला जर्मनीचा तुकडा मिळाला. ब्रेस्लाउमधल्या जर्मनांना हाकललं आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडून हाकललेले पोलिश आणून बसवले, बरेचसे ल्वूफ शहराकडचे, जे आज युक्रेनचं ल्विव आहे. ल्वूफचे प्राध्यापक आले, ओसोलिनेउम हे प्रसिद्ध ग्रंथालय आलं, रात्स्वावित्सेच्या लढाईचं ते अवाढव्य गोल चित्रसुद्धा गुंडाळून आलं. दादाच्या मालकिणीचे आईवडील त्यातलेच. त्यांना घर मिळालं तेव्हा कपाटात जर्मन बाईची कपबशी होती आणि भिंतीवर जर्मन माणसांचे फोटो. पहिली काही वर्षं त्यांनी सामान पुरतं सोडलंच नाही, म्हणे. जर्मन परत येतील आणि आपल्याला परत जावं लागेल, या दोन्ही गोष्टींची त्यांना एकाच वेळी भीती आणि आशा होती.

आत्या : वळिवड्यातल्या बायकांची घरं त्याच पूर्वेकडच्या पट्ट्यात होती. पाच वर्षं पोरांना घोकून घेतलं, आणि युद्ध जिंकल्यावर कळलं की जिथं परत जायचं ते गाव आता पोलंडमध्येच नाही. जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्यांच्या नवऱ्यांनी मॉन्ते कासिनो घेतलं त्यांना! थोडे पोलंडला परतले; बाकीचे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका, जिथं वाट मिळाली तिथं. म्हणून मी म्हणते, इथं माणुसकीचा झरा वाहत होता असं समजू नकोस. सगळीकडं एकच खेळ चालला होता. वरच्यानं खालच्याला उठवायचं आणि त्यानं दुसऱ्याच्या अंथरुणावर बसायचं.

दादा : पण बसणारा कोण होता, आत्या? जर्मन बाईच्या कपात चहा पिणारी ल्वूफची बाई. पोलिश बाईच्या बराकीत चूल मांडणारी सिंधी बाई. सिंधी बाईच्या माजघरात राहायला आलेली अलाहाबादची बाई. यातल्या एकीनंही दुसरीला हाकललं नव्हतं. हाकलणारा भलताच कुणीतरी. या पाचजणींना एका खोलीत बसवलं तर भाषा न येताही त्यांना एकमेकींचं सगळं कळलं असतं. मी याला एकच माणूस म्हणतो. तुला नाव दुसरं द्यायचं तर दे.

आत्या लगेच बोलली नाही. दुकानदारानं चहा मागवला होता, तो आला.

आत्या : कळलं असतं. आणि तरी प्रत्येकीनं पोराला सांगितलं असतं, त्या दुसऱ्यांपासून जपून राहा. हेसुद्धा पाचजणींत सारखंच. आपल्या माणसाला आत घ्यायचं आणि परक्याला उंबऱ्यावर थांबवायचं, हे जगातल्या प्रत्येक जातीजमातीला कुणी न शिकवता येतं. सारखेपणा मोजायचा तर हाही मोज. पोलंडचंच बघ. २०२१ मध्ये बेलारूसच्या सरहद्दीवर इराकी, सीरियन, अफगाण लोक जंगलात थंडीनं मेले. आणले होते बेलारूसच्या हुकूमशहानं डाव म्हणून, ते खरं. पण पोलंडनं त्यांना परत जंगलात ढकललं आणि पुढच्या वर्षी साडेपाच मीटर उंच कुंपण घातलं. त्याच वर्षी, २०२२ मध्ये, दुसऱ्या सरहद्दीवर लाखो युक्रेनी बायकामुलांना घराघरांत नेऊन ठेवलं. देश एकच, लोक तेच, आठवणी त्याच.

दादा : युक्रेनमधून आपले विद्यार्थीही पोलंडमध्ये बिनव्हिशाचे आत घेतले. आमच्या गावचे लोक जेवण घेऊन सरहद्दीवर गेले होते. ल्वूफवरून युक्रेनशी त्यांचं जुनं वैर आहे, वोलिनियात युक्रेनी टोळ्यांनी हजारो पोलिश मारले होते, तेही १९४३ मध्येच. तरी दारं उघडली. तुझ्या नियमात हे कुठं बसतं?

आत्या : बसत नाही. म्हणूनच मी त्याला नियम म्हणत नाही, अपवाद म्हणते. अपवाद लिहून ठेवावेत, त्यांच्यावर घर बांधू नये. आपले डॉक्टर कोटणीस सोलापूरहून चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करत १९४२ मध्ये तिथंच वारले. बत्तीस वर्षांचे होते. चीन अजून त्यांना विसरलेला नाही. आणि त्यांच्या मृत्यूला वीस वर्षं होत असताना चीननं आपल्यावर सैन्य घातलं. कोटणीस खोटे नव्हते, युद्धही खोटं नव्हतं.

दादा : मग तू म्हणतेस काय? माणुसकीबिणुसकी सोडून द्यायची?

आत्या : मी म्हणते, तिच्यावर विसंबू नये. लिहून घ्यावं. १९७१ मध्ये एक कोट माणूस पूर्व बंगालातून आला, आपण सांभाळला. तिबेटी आले, सांभाळले. पण १९५१ च्या निर्वासित करारावर आपण आजवर सही केलेली नाही, आणि त्यासाठी वेगळा कायदाही नाही. म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते दर वेळी त्या त्या दिवसाच्या मर्जीवर. पोलंडची सही आहे, तरी त्यांनी जंगलात ढकललं. पण तिथं निदान कोर्टात उभं राहून कुणी म्हणू तरी शकतो की तुम्ही लिहून दिलंय. मला तुझ्या एकाच माणसापेक्षा तो कागद बरा वाटतो.

दादा : कागदावर सही कोण करतं? ज्याला दुसऱ्याकडं बघून पोटात कालवतं तोच ना?

आत्या : तो, किंवा ज्याला उद्या आपल्यावरही ती पाळी येईल असं वाटतं तो. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो.

दादा माझ्याकडं बघायला लागला, निवाडा दे म्हणून. तर देते. १९४३ चा पट मांडला की आत्याचं पारडं जड होतं, आणि बंगाल बाजूला सारून वळिवड्याचं कौतुक करण्यात लबाडी आहे असं मलाही वाटतं. पण एका जागी मी दादाकडची. बाजाराला आत्या फार हलकं लेखते. गांधीनगरच्या सिंध्यांना आम्ही कोल्हापूरकरांनी काय दिलं? सुरुवातीला नावं ठेवली. आत्याच सांगते की तिच्या लहानपणी ‘निर्वासित’ म्हटलं की त्यात शिवीचा वास असायचा. मग हळूहळू गिऱ्हाईकी दिली, तीही कापड स्वस्त मिळतं म्हणून. प्रेमानं कुणी गेलं नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचे बस्ते इथं बांधले गेले, उधारीच्या वह्या झाल्या, एकमेकांच्या घरचं बारसं-दहावं कळायला लागलं, आणि आज तो दुकानदार माझ्या आत्याला ‘ताई, जांभळीच घ्या, हिरवीचा रंग जाईल’ म्हणतो. पोलिश कॅम्पाभोवती भाजीच्या पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांचंही असंच असणार. त्यांना कुणी जगाच्या ऐक्यावर भाषण दिलं नव्हतं. पाच पैशांची मेथी विकायची होती, आणि समोरच्या बाईला ती घ्यायची होती. रोज समोर येणाऱ्या माणसाला फार दिवस परका ठेवता येत नाही, एवढ्यावर माझा विश्वास आहे. त्याहून मोठ्या गोष्टीवर नाही. ज्याला समोर येऊच दिलं नाही, कुंपणापलीकडे थांबवलं, त्याच्याबाबतीत हे घडूच शकत नाही. म्हणून आत्याचा कागदही हवा.

आणखी एक. त्या कॅम्पातल्या पोलिश मुलांनी मोठेपणी आपल्या आठवणी जमवल्या, त्यांच्या संघटनेनं जाडजूड ग्रंथ काढला. त्यांच्या बाजूची वळिवड्याची गोष्ट त्यामुळं टिकली. आपल्या बाजूची कुठं आहे? वळिवडे, उचगाव, चिंचवाड या गावांतल्या ज्या घरांतून कॅम्पात दूध-भाजी गेली, ज्यांच्या आजोबांनी तिथं सुतारकाम केलं, ज्यांच्या आजीनं रिकाम्या बराकींत सिंध्यांची पहिली चूल पेटताना पाहिली, त्या घरांतली ऐंशी-नव्वदीतली माणसं अजून आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी असं कुणी असेल, तर मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करा आणि ते उतरवून काढा. पोलिश आकडे कसे शिकलात, हे पहिल्यांदा विचारा.